गोळी फुकट, हेलपाटे महाग
रायपुरात एचआयव्हीचे उपचार घेताना पैसा नेमका कुठे जातो आणि तो कसा वाचवायचा

रायपूरच्या मेकाहारात, म्हणजे डॉ. आंबेडकर रुग्णालयात, एआरटी केंद्र (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचं केंद्र) आहे. तिथे गोळ्यांचे पैसे कोणी मागत नाही. तरी घरच्या हिशेबाच्या वहीत या आजाराचा खर्च दिसतोच. रिक्षाभाडं असतं, बुडालेला रोज असतो, शिवाय कुणाला कळू नये म्हणून केलेली धडपडही असते. औषध स्वस्त झालं, पण हे बाकीचे खर्च कमी करायचं काम बहुतेकदा रुग्णालाच करावं लागतं.

काय फुकट मिळतं?

- आयसीटीसी केंद्रातली एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन.
- रोज एकदा घ्यायची टीएलडी गोळी. हिच्यात टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकत्र असतात. २०१७ पासून सीडी४ (रोगप्रतिकारक) पेशी घटण्याची वाट न पाहता निदान झाल्यावर लगेच उपचार सुरू होतात.
- सीडी४ आणि व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) या तपासण्या. व्हायरल लोड सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि मग वर्षातून एकदा होतो. खासगीत या एका तपासणीला काही हजार रुपये मोजावे लागतात.
- टीबीची तपासणी आणि प्रतिबंधक औषध.

सरकारी केंद्रांतून मोफत औषध १ एप्रिल २००४ पासून मिळू लागलं. त्याआधी, २००१ मध्ये, सिप्ला या भारतीय कंपनीने एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरचा भाव पुढे केला होता. पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर होता.

खिशातून काय जातं?

एक हिशेब मांडून पाहा. आकडे मानलेले आहेत, त्यांच्या जागी आपले घाला. गावाहून रायपूरला जाऊन-येऊन २०० रुपये, बुडालेला रोज ४०० रुपये, म्हणजे एका खेपेला ६००. दर महिन्याला जावं लागलं तर वर्षाचे ७,२०० होतात. तब्येत स्थिर झाली आणि तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाल्या, तर चार खेपांत २,४०० वर भागतं. उरलेले ४,८०० रुपये वाचतात ते गोळी न चुकवल्यामुळे, कारण तीन महिन्यांचा साठा नियमित आणि स्थिर रुग्णालाच देतात. घराजवळ लिंक एआरटी केंद्र (मुख्य केंद्राला जोडलेलं छोटं केंद्र) असेल तर तिथून गोळ्या घेण्याची सोय होते का, हेही विचारा.

गुपिताची किंमत

रायपूरचा मराठी समाज तसा आटोपशीर. तात्यापारा असो की चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ, ओळखीचं कुणी ना कुणी भेटतंच. म्हणून ‘त्यापेक्षा नागपूर बरं’ असा विचार मनात येतो. पण नागपूर सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. एका खेपेत दीड-दोन दिवस जातात आणि दमून गोळ्या चुकायची भीती वाढते. जायचंच असेल तर ‘ट्रान्सफर’ रीतसर करून घ्या. नाहीतर इथल्या नोंदीत तुम्ही उपचार सोडलेले रुग्ण ठरता.

एआरटी केंद्राच्या प्रवासासाठी रेल्वेत द्वितीय श्रेणीच्या भाड्यात ५० टक्के सवलत आहे. त्यासाठी केंद्राचं प्रमाणपत्र तिकीट खिडकीवर दाखवावं लागतं, म्हणजे खिडकीपलीकडच्या माणसाला आजार कळतो. जवळच्या प्रवासात वाचणाऱ्या दहा-वीस रुपयांसाठी ते दाखवायचं की नाही, हे ज्याने-त्याने ठरवावं.

गुपित फोडणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये रायपुरातल्या एका सरकारी रुग्णालयात आई एचआयव्हीबाधित असल्याचा फलक नवजात बाळाजवळ लावला गेला. छत्तीसगड उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पालकांना दोन लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्याला दिला.

नोकरी आणि विमा

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही आणि केवळ बाधित आहे म्हणून कामावरून काढता येत नाही. विमा नाकारायचा तर कंपनीकडे जोखमीच्या शास्त्रीय हिशेबाचा आधार हवा. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी असायला हवा. वरची दाद या कायद्याखाली नेमलेल्या राज्याच्या लोकपालाकडे मागता येते. निकालाची मुदत ३० दिवसांची. न्यायालयीन कामकाजातून कळलेला दुसऱ्याचा आजार न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघड करणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

खर्च वाढवणाऱ्या चुका

- बरं वाटतंय म्हणून गोळी सोडणं. विषाणू औषधाला दाद देईनासा झाला की गोळ्या बदलतात, तपासण्या आणि खेपा वाढतात.
- अँटासिडसोबत गोळी घेणं. टीएलडी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.
- जोडीदाराची तपासणी लांबवणं. व्हायरल लोड तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. पण हे कळायलाही तपासणीच लागते.

पुढच्या खेपेला

ग्रीन बुक (केंद्राने दिलेली उपचाराची पुस्तिका) आणि उरलेल्या गोळ्या सोबत ठेवा. प्रवासात गोळ्या संपल्या तरी ही पुस्तिका दाखवून दुसऱ्या गावच्या केंद्रात तात्पुरता साठा मागता येतो. काही अडलं तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. आणि निघण्याआधी समुपदेशकांना एवढं नक्की विचारा: “मॅडम, मला तीन महिन्यांच्या गोळ्या कधीपासून मिळतील?”