निंब वाळतो तेव्हा

मागल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले, तेव्हा आमच्या धुऱ्यावरचा जुना निंब पाहून थबकले. शेतात तुरी हिरव्यागार उभ्या होत्या. हे झाड मात्र शेंड्याकडून करपून तांबूस झाले होते. आसपासच्या धुऱ्यांवरची आणखी चार-पाच झाडे तशीच. शेजारचे काका बाबांना म्हणाले, "मेला हा निंब. तोडून टाका, सरपण तरी होईन." बाबांनाही ते पटले होते. वनस्पतिशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण त्या झाडापायी जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते येथे मांडते. चूकभूल जाणकारांनी सांभाळून घ्यावी.

या रोगाला शेंडेमर म्हणता येईल. फोमोप्सिस अझाडिराक्टी नावाची बुरशी त्याचे मुख्य कारण. म्हैसूरच्या संशोधकांनी १९९७ साली ती स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. कोवळ्या फांदीच्या टोकाला ती शिरते आणि फांदी शेंड्याकडून बुंध्याकडे वाळत जाते. वाळक्या काडीवर बारीक काळे ठिपके उठतात. त्यांत बीजाणू असतात. पावसाच्या शिंतोड्यांनी आणि कीटकांच्या संगतीने ते पुढल्या झाडावर जातात. म्हणूनच हा रोग पावसाळ्यात वाढतो आणि पावसाळा सरता सरता नजरेत भरतो. रस शोषणारा एक ढेकूणही कोवळे शेंडे टोचून वाळवतो; त्या जखमांतून बुरशीला वाट सापडते. २०२१ च्या पावसाळ्यात तेलंगणात हजारो निंब असे वाळले, तेव्हा या रोगाची देशभर चर्चा झाली.

पण मला महत्त्वाची वाटली ती गोष्ट वेगळीच. मोठा निंब या रोगाने सहसा लगेच मरत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी पुष्कळ झाडांना पुन्हा पालवी फुटते. मरतो तो मोहर, आणि कुजते ती निंबोळी. रोगट निंबोळीच्या बीमधूनही बुरशी पुढे जाते. शिवाय निंबाचे बी फार काळ टिकत नाही; काही आठवड्यांतच त्याची उगवण घटू लागते. एका साली निंबोळी गेली, तर आदल्या सालचे बी मातीत शिल्लक नसते.

आपल्या वाशीम जिल्ह्यात घनदाट रान थोडेच. काटेपूर्णा अभयारण्यासारखे पानझडीच्या रानाचे पट्टे सोडले, तर आपले रान म्हणजे धुरे, गायरान आणि नाल्याचे काठ. तेथे निंब कोणी लावत नाही. साळुंकी, बुलबुल आणि वटवाघळे निंबोळ्या खातात व बिया बोरी-बाभळीखाली टाकतात. त्या काट्यांच्या आडोशाला रोप वाढते. निंबोळीच आली नाही, तर जुनी झाडे उभी दिसतील, पण त्यांच्या मागे कोणी उभे राहणार नाही.

हे भय अनाठायी नाही. अमेरिकेत १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात चेस्टनटच्या झाडांवर बाहेरून आलेली एक बुरशी आढळली. पुढल्या सुमारे ५० वर्षांत तिने अब्जावधी झाडे संपवली. आजही तेथील रानात जुन्या मुळांना धुमारे फुटतात. पण फळ धरण्याआधीच बहुतेक वाळून जातात. झाड आहे आणि तरीही नाही, अशी ती अवस्था. आपल्या निंबाचा रोग तेवढा जहाल नाही, म्हणूनच वेळीच जागे होण्यात अर्थ आहे.

उपाय साधेच आहेत. वाळक्या फांद्या कोरड्या हवेत कापून जाळाव्यात. रोपवाटिकेसाठी बी निरोगी झाडाचेच घ्यावे. रोपांवर बुरशीनाशक फवारता येईल. रानातल्या उंच झाडावर ते कोण फवारणार? आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे घाईने कुऱ्हाड न चालवणे. त्या दिवशी मी बाबांसमोर विळ्याच्या टोकाने बुंध्याची साल जराशी खरवडली. आत हिरवे होते. बाबांनी कुऱ्हाड परत छपरात खोचली.

यंदा पाडव्याला तो निंब पुन्हा हिरवा झाला होता. मोहर मात्र विरळच होता. आजी दरसाल त्याच्या निंबोळ्या वेचून, धुऊन, वाळवून ठेवते. ५ किलो भुकटी रात्रभर भिजवून गाळली, की १०० लिटर फवारा होतो. सोयाबीनवरच्या अळ्यांसाठी बाबा तोच आधी वापरतात. उरलेल्या निंबोळ्या विकून आजीच्या हाती चार पैसे येतात. यंदा तिची टोपली अर्धीही भरली नाही. तरी तिने झाडाखाली दोन ओंजळी तशाच राहू दिल्या. मी विचारले, तर म्हणाली, "पाखरांचा वाटा हाये तो."

सारे पुस्तक वाचून मला जे समजले, ते आजीला आधीच ठाऊक होते.