नव्या मशीनची राखण

हे बघ पोरा, विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि त्याच्या आगेमागे बँका, पतसंस्था, कॉलेजं अशा कितीतरी ठिकाणी नवी मशीन बसू लागली. तुमच्या कंपनीला ऑर्डर मिळाली म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी गेली. त्याचा इंजिनिअर मात्र एएमसी संपेपर्यंत त्याच ऑफिसात येत राहणार. शिपाई त्याला चहा विचारतो आणि तुला ओळखपत्र. हे धरूनच साइटवर जा.

खोकी फोडलीस की आधी कागद. खोक्यावरचा, कॅबिनेटवरचा आणि बायोसमधला सीरियल नंबर जुळवून घे. रिपोर्टवर नुसतं '8 जीबी' लिहू नकोस. 8 ची एक पट्टी की 4 च्या दोन, कुठल्या मेकची, सगळं लिही. 386 च्या बोर्डवर 30 पिनांच्या चार सिम एकत्र लागायच्या. कोणी 70 नॅनोसेकंदाच्या काढून 80 च्या बसवल्या तरी पडद्यावर मेमरीचा आकडा तोच यायचा. म्हणून आम्ही चिपवरचे आकडे वाचून उतरवून ठेवायचो. ती सवय आजही कामाला येते.

कॅबिनेटच्या स्क्रूवर सील लाव आणि त्यावर ऑफिसच्या माणसाची आडवी सही घे. एकट्या तुझ्या सहीला वादात कोणी विचारत नाही.

सगळ्यात जपायचा तो डेटा हलवायचा दिवस. जुना इंजिनिअर म्हणेल, "पाच मिनिटं कॅबिनेट उघडतो, हार्ड डिस्क थेट जोडतो." तिथे गोड बोलून नाही म्हण. यूएसबी केसिंग तुझ्या बॅगेत हवं. जुनी डिस्क त्यात घाल आणि कॉपी संपेपर्यंत जागचा हलू नकोस. जेवायला जायचं तर ते आधी उरकून ये. पण त्या माणसाशी भांडू नकोस, त्याच्या कंपनीबद्दल वाईट तर मुळीच बोलू नकोस. पासबुक प्रिंटरचं सेटिंग काय आणि डोंगल कुठल्या मशीनला लागतो, हे बहुतेक वेळा त्यालाच ठाऊक असतं. नीट विचारलंस तर तो सांगतो. माझा तरी अनुभव असाच आहे.

बायोसला पासवर्ड टाक आणि बंद पाकिटात घालून मॅनेजरसाहेबांकडे दे. बिटलॉकर चालू असेल तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की त्याच पाकिटात जाऊ दे. कोणी आत शिरून टीपीएम क्लिअर केला, तर सकाळी मशीन तीच की मागत बसेल, काउंटरवर रांग लागेल आणि बोट तुझ्याकडे दाखवलं जाईल.

अर्थिंगही त्याच दिवशी मोज. न्यूट्रल आणि अर्थमध्ये 2-3 व्होल्टच्या वर दिसलं तर आकडा रिपोर्टवर लिही आणि साहेबांना दाखव. नाहीतर वायरिंगचा दोष उद्या तुझ्या मशीनवर येतो.

पहिली तक्रार आली की फोनवर समजावत बसू नकोस, त्याच दिवशी जा. गेल्यावर आधी सील बघ. तुटलेलं असेल तर मशीनला हात लावू नकोस. साहेबांना बोलावून दाखव, फोटो घे, रिपोर्टवर 'सील तुटलेले आढळले' एवढंच लिही. कोणी तोडलं ते लिहू नकोस, तू पाहिलेलं नाहीस. त्याखाली साहेबांची सही-शिक्का घे, आणि मगच स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढ.