तंबोऱ्याची खोळ काढ

चि. राणीस,

काल दादाचा फोन आला. तू तंबोरा खोळीत घालून कपाटावर ठेवलायस आणि दिवसभर कॉम्प्युटरवर ध्वनीचे आलेख बघत बसतेस, असं म्हणाला. मला चैन पडेना. गाणं सोडलंस का गं? स्पष्ट कळव.

पॅरिसला जाऊन तू ग्रिझे या फ्रेंच संगीतकाराच्या वाटेने रचना शिकतेस, याचा मला राग नाही. तू पाठवलेलं त्याचं ‘पार्सिएल’ मी पुन्हा पुन्हा ऐकलं. १९७५ ची, १८ वादकांची रचना. ट्रॉम्बोन आणि डबल बास खर्जातला ‘ई’ स्वर लावतात आणि त्याच्या पोटातले उपस्वर एकेक वाद्य उचलून घेतं. ट्रॉम्बोनच्या नादाचं यंत्रावर पृथक्करण करून ग्रिझेने हा स्वरमेळ बांधला, हे तूच कळवलंस. त्यातला पाचवा उपस्वर म्हणजे आपला स्वयंभू गंधार, पियानोच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला. सातवा तर पियानोच्या पट्ट्यांत सापडतच नाही. अगं, हा गंधार परकरात असताना तुला मिरजेच्या तंबोऱ्यात ऐकू आला होता! जवारी नीट लागली की तूच आधी सांगायचीस. तेव्हा समोर कुठला आलेख होता?

पुढे ते उपस्वर मूळ स्वराशी नातं तोडत जातात, नाद खरखरीत होतो, मग पुन्हा विसावतो. श्वास घ्यावा, सोडावा, थांबावा, अशी सगळी चाल. गळ्याने दमसास कमावला नाही तर ती कागदावर उतरेल, अंगात कशी उतरेल? म्हणून विचारते, खोळ का घातलीस?

तुझ्या वयात मी रेडिओवर ऑर्केस्ट्रा लागला की हातातलं काम टाकून ऐकत बसे. ते स्टाफ नोटेशन शिकायची फार ओढ होती. गावात शिकवणारं कुणी नव्हतं, मग संसार, शिकवण्या. राहिलं ते राहिलंच. तुझ्या वहीतली पानं उघडते तेव्हा अजून जीव तुटतो, आणि तू ती वाचतेस म्हणून ऊरही भरून येतो.

फार बोलले का? मनाला लावून घेऊ नकोस. लिहिता लिहिता वाटतंय, खर्जाची तार तुटली असेल आणि तिथे मिळत नसेल. तसं असेल तर आधी नाही का सांगायचंस? मिरजेहून तारा मागवते, दादाबरोबर देते. मेतकूटही देईन, तुला मऊ भातावर लागतं ते. थंडीत कानाला बांधत जा. आणि रविवारी फोन कर. गाऊ नकोस हवं तर, नुसतं बोल.

तुझी,
आत्या