नवे टायर मागे

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे पुढचे दोन टायर गोटा झाले आणि खिशात दोनच नव्या टायरांचे पैसे आहेत. ते बसवायचे कुठे? दुकानात हा प्रश्न कुणाला प्रश्नच वाटत नाही. इंजिनाचा जोर पुढे, स्टेअरिंग पुढे, ब्रेकचा मोठा भार पुढे. मग चांगलं रबर मागे नेऊन त्याचं काय लोणचं घालायचं? मला हा हिशेब वरवरचा वाटतो. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीची मागची चाकं गाडी ढकलत; १९८३ साली मारुती ८०० आली आणि गाडी ओढण्याचं काम घरोघरी पुढच्या चाकांकडे गेलं. ‘जे चाक गाडी चालवतं त्याला नवा टायर’ ही समजूत बहुधा त्या बदलाबरोबरच मागून पुढे सरकली असावी. पण टायर कुठे बसवायचा हे ठरवताना कोणतं चाक जास्त राबतं यापेक्षा कोणतं चाक निसटलं तर गाडी सावरता येत नाही, हे पाहायला हवं.

पुढची पकड सुटली की गाडी वळेनाशी होते, सरळच जाऊ पाहते. स्टेअरिंग हाताला एकदम हलकं लागतं आणि घाबरलेला माणूस आपसूक जे करतो तेच तिथे कामी येतं: ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला जातो, वजन पुढे झुकतं, वेग उतरतो, चाकं पुन्हा रस्ता धरतात. मागची पकड सुटली तर हाच पाय घात करतो. वजन पुढे गेल्यामुळे आधीच सुटलेली शेपटी आणखी हलकी होते आणि गाडी गिरकी घेते. मागच्या चाकांची खबर हाताला लागतच नाही. लागते ती गाडी आडवी झाल्यावर. त्यात या गाड्यांचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं, म्हणजे मागची बाजू मुळातच हलकी. म्हणून नवी जोडी मागे, आणि मागची कमी झिजलेली जोडी पुढे. मोठ्या टायर कंपन्याही हेच सांगतात.

पावसात हे जास्त खरं. नव्या टायरची खाच साधारण ७-८ मिलिमीटर खोल असते, कायद्याला किमान १.६ चालते. खाचांना पेलणार नाही एवढं पाणी साचलं की टायर पाण्यावर तरंगतो. विमानांच्या टायरांसाठी नासात बांधलेलं एक ढोबळ सूत्र आहे: हवेच्या दाबाचं वर्गमूळ गुणिले नऊ, उत्तर ताशी सागरी मैलांत. ३३ पाउंड हवेला ते ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतं, २५ पाउंडाला ८३. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना १०० ची मुभा आहे. म्हणजे वेगमर्यादा पाळूनही गोटा टायर तरंगू शकतो, आणि तो मागे असेल तर पुढची नवी चाकं पाणी कापत मजेत जात राहतात, चालकाला काहीच कळत नाही.

पुढचा टायर फुटला तर, असं विचारलं जातं. शंका रास्त आहे, पण फुटणं बहुतेक वेळा कमी हवा, जादा भार, जुनं रबर किंवा खड्ड्यात बसलेला मार यांमुळे होतं. मागून पुढे येणाऱ्या टायरला फुगवटा किंवा चीर असेल, तो वयाने जुना असेल, तर तो पुढे नको आणि मागेही नको. दुसरा आक्षेप एबीएस आणि गाडी सावरणाऱ्या यंत्रणांचा. त्या उपयोगी आहेतच, पण त्यांनाही काम करायला तेच चार तळहाताएवढे रबराचे तुकडे मिळतात. रबराखाली पाणी असेल तर संगणक कशाला धरणार?

आता काढलेल्या टायरांकडे वळू, कारण घाईत ते भंगारात फेकले जातात आणि त्यांच्याबरोबर पुरावाही जातो. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. एकच कड गेली असेल, किंवा तळहात आडवा फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागत असेल, तर चाकं सरळ धावत नव्हती. चाकाचं तोंड ०.२ अंश जरी आत-बाहेर वळलेलं असलं तरी दर किलोमीटरला रबर सुमारे साडेतीन मीटर आडवं घासलं जातं; दहा हजार किलोमीटरमागे पस्तीस किलोमीटर. हे कारण न शोधता पुढे दुसरी जोडी बसवणं म्हणजे त्याच जात्यात नवे दाणे. आधी टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश ढिले आहेत का ते पाहावं, चारही चाकांची हवा सारखी करावी, मग अलाइनमेंट. ढिल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंत टिकतं. आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागावेत. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत मागच्या चाकांचा कोन बदलायची सोयच नसते. तिथला आकडा लाल, म्हणजे मर्यादेबाहेर असेल तर मागच्या चाकांचा दांडा वाकलाय का, हे विचारायचं. स्टेअरिंग ठरावीक वेगाला थरथरतं ती गोष्ट निराळी, ते बॅलन्सिंगचं काम.

दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायर फिरवले, पुढचे सरळ मागे आणि मागचे तिरके पुढे, तर चारही सारखे झिजतात आणि दोनच घ्यायची पाळी सहसा येत नाही. फरक एकदा मोठा पडल्यावर मात्र फिरवू नयेत, कारण मग गोटा जोडी मागे जाते. फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले टायर त्याच बाजूला ठेवायचे.

एवढं करूनही गाडी किंचित डावीकडे ओढली तर लगेच अलाइनमेंटवाल्याशी भांडू नये. आपले बरेच रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डावीकडे उतरते असतात. सपाट जागीही ओढत असेल, तर बाण नसलेले पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहावेत. ओढ उजवीकडे गेली तर खोट टायरमध्येच आहे. अलाइनमेंटवर पुन्हा पैसे न घालता बिल घेऊन टायरच्या दुकानात जावं.