जुनी जीप घेताना

प्रश्न : जालना जिल्ह्यात एक जुनी महिंद्रा जीप विक्रीला आहे. घेण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर : महिंद्राने विलीज जीपची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. उंच बॉनेटचे सीजे-३बी हे तिचे सर्वांत ओळखीचे रूप. ती उंची मूळच्या हरिकेन पेट्रोल इंजिनामुळे आली. यातल्या बऱ्याच गाड्यांत पुढे डिझेल इंजिन बसवले गेले. म्हणून रंग पाहण्याआधी आरसी पुस्तक पाहावे. त्यातला इंधनप्रकार, इंजिन क्रमांक व चॅसिस क्रमांक गाडीशी जुळलाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदवलेला नसेल, तर कितीही देखणी गाडी सोडून द्यावी.

जालना जिल्हा १९८१ चा, एमएच-२१ मालिका त्यानंतरची. त्यामुळे जुन्या गाडीची पहिली नोंद बहुधा दुसऱ्या जिल्ह्यातली असते. पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण, पर्यावरण कर आणि बँकेचा बोजा तपासावा.

मग गाडीखाली शिरावे. काळ्या मातीचा चिखल चॅसिसच्या खोबणीत साचून राहतो आणि आतून गंज धरतो. पाटे जिथे चॅसिसला जोडलेले असतात, तिथे हातोडीने हलके ठोकावे. बद्द आवाज आला तर पत्रा पोखरलेला असण्याची शक्यता असते. फोर-व्हील लो गिअर मऊ शेतात टाकून पाहावा, डांबरी रस्त्यावर नव्हे.

पन्नास वर्षे झालेल्या मूळ स्वरूपातील गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. मात्र ती रोजच्या वापराला चालत नाही.