मोटारीचे दान

सज्जनहो, इंद्रायणीकाठी देहू-आळंदी, आणि त्यांच्या शेजारीच पिंपरी-चिंचवड, चाकणचे मोटारींचे कारखाने. तेव्हा आपल्याकडे ही शंका येणारच : संग्रहातली मोलाची मोटार कोणी धर्मकार्यास दिली, तर ते दान होय काय?

समाधान ऐका. आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे, याला शास्त्र दान म्हणते. मोटार संस्थेच्या नावावर, पण किल्ली दात्याच्याच खिशात, तर स्वत्व सुटले कुठे?

आता दृष्टांत. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईस आले. त्यांच्या दिमतीची पांढरी लिंकन मोटार त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली. ती माउली तीत बसून मिरवली नाही. तिने सोडत काढली आणि पैसा कुष्ठरोग्यांच्या शांतिनगर वसाहतीस लावला. पुढे २०१७ साली पोप फ्रान्सिस यांना लॅम्बोर्गिनी भेट आली. त्यांनी तीवर सही केली, आणि २०१८ साली तिचा लिलाव होऊन पैसा धर्मादायाकडे गेला. मोटार पंगतीत वाढता येत नाही. तिचे द्रव्य व्हावे, द्रव्याचे अन्न-औषध व्हावे. घेणाऱ्यानेही ती दारात शोभेला ठेवू नये.

आणखी एक. तुकोबारायांनी भावाच्या वाट्याची कर्जखते भावास दिली, आपल्या वाट्याची तेवढी इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रात सांगतात. सोडायचे ते आपलेच. म्हणून हप्ते थकलेली मोटार दान करू नये. आधी ऋण फेडावे, मग दान करावे.

रामकृष्णहरि!