समुद्रापासून शिखरापर्यंत : कर्मेलावरील एक दिवस



पहिले राजे या पुस्तकाचे अठरावा व एकोणिसावा हे अध्याय आपण पुष्कळदा वाचले आहेत. तथापि कर्मेल डोंगर कसा आहे, तो चढावयास काय लागते, हे ठाऊक नसल्यास एलीयाच्या त्या दिवसाचे मोल पुरते कळत नाही. यास्तव आज प्रथम तो डोंगर चढू व मग पाठाकडे वळू.

कर्मेल ही इस्राएल देशात भूमध्य समुद्राकाठी असलेली डोंगराची रांग होय. तिची लांबी सुमारे 39 किलोमीटर असून तिचे सर्वांत उंच ठिकाण 546 मीटर आहे. एलीयाने वेदी उभारली ती जागा परंपरेने रांगेच्या आग्नेय टोकाला दाखवितात. अरबी भाषेत तिला मुहराका, म्हणजे जळण्याची जागा, असे नाव आहे. ती समुद्रसपाटीपासून सुमारे 480 मीटर, म्हणजे जवळजवळ 1600 फूट उंच आहे.

अतलीट गावाजवळच्या किनाऱ्यावरून तेथे पायी जावयाचे तर सरळ रेषेत अंतर सुमारे 14 किलोमीटर भरते. पण वाट वळणावळणाची असल्यामुळे सारा दिवस मोडतो. प्रथम किनाऱ्याची सपाट शेतजमीन लागते. मग चुनखडीचा चढ येतो. त्यात गुहा आहेत. 1929 ते 1934 या काळात तेथे खोदकाम होऊन फार प्राचीन मानवांचे अवशेष सापडले. पुढे ओक व देवदारासारख्या वृक्षांचे रान लागते. ज्याच्या शेंगा उधळ्या पुत्राला खाव्याशा वाटल्या, असे मानतात, ते खरनूबाचे झाडही तेथे वाढते. घळीतून चढताना मागचा समुद्र दृष्टीआड होतो आणि शिखर तर अद्याप दिसत नसते. माथ्याजवळ दालियात हे द्रूझ लोकांचे गाव आहे व त्यापलीकडे मुहराका. तेथील मठाच्या गच्चीवरून पश्चिमेस समुद्र, पूर्वेस इज्रेलाचे मैदान व पायथ्याशी किशोन नदीचे खोरे दिसते.

त्या देशात मे ते सप्टेंबर पाऊस बहुधा पडतच नाही. चढणाऱ्याने पाणी खालूनच बरोबर घ्यावे लागते. पाऊस येतो तो हिवाळ्यात, आणि येतो पश्चिमेकडून, समुद्रावरून. 2010 साली तो लांबला, रान वाळून गेले आणि डिसेंबरात कर्मेलावर वणवा पेटून 44 माणसे मृत्यू पावली. आपणही मृग लागताच पश्चिमेकडे डोळे लावून बसतो. म्हणून अवर्षणात समुद्राकडे पाहणे म्हणजे काय, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

आता पाठाकडे वळू.

पहिली गोष्ट ही की, अग्नी पडल्यावरही एलीया स्वस्थ बसला नाही. तो गुडघ्यांत तोंड घालून प्रार्थना करू लागला आणि समुद्राकडे पाहण्यास त्याने आपल्या चाकरास पुनःपुन्हा पाठविले. सातव्या खेपेस मनुष्याच्या तळहाताएवढा ढग दिसला. काही दिसत नसताही त्या चाकराने जाण्याचे सोडले नाही. त्याचे नाव शास्त्रात नाही, पण त्याची सेवा लिहिलेली आहे.

दुसरी गोष्ट, शिखर म्हणजे दिवसाचा शेवट नव्हे. चढणाऱ्यास उतरावयाचे असते. एलीया त्याच संध्याकाळी इज्रेलापर्यंत अहाबाच्या रथापुढे धावला. ते अंतर सुमारे 26 किलोमीटर, म्हणजे आठ कोस आहे. त्यानंतर ईजबेलीचा निरोप आला आणि ज्याने बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांस तोंड दिले, तो एका स्त्रीच्या धमकीने पळाला. बैर-शेबा येथे त्याने त्या चाकरास मागे ठेविले, एकटाच रानात गेला व मरण मागू लागला.

तिसरी गोष्ट, परमेश्वराने त्यास प्रथम रागे भरले नाही. त्याने झोप दिली, भाजलेली भाकर दिली, पाणी दिले, आणि वाट लांबची आहे याची आठवण देऊन पुन्हा खाऊ घातले. प्रश्न त्यानंतर विचारला. मग नवे काम सांगितले व अलीशा हा सोबती दिला.

उपदेशक बंधूंनो, नाताळची मोठी उपासना किंवा बाप्तिस्म्याचा दिवस झाला की दुसऱ्याच दिवशी मन खचते, काम सोडून द्यावे असे वाटते. असा मनुष्य आपला विश्वास गेला असे समजून स्वतःस दोष देतो. पुष्कळदा तो केवळ थकलेला असतो. त्याने जेवावे, निजावे आणि सोबत्यास दूर लोटू नये. आणि मंडळीने काय करावे? त्याची चौकशी करण्यापूर्वी त्याच्या घरी भाकर पोहोचवावी.

सभेत विचारावयाचे प्रश्न :
1. चाकर सहा वेळा रिकामा परतला. तरी सातव्यांदा का गेला असेल?
2. एलीयाने त्यास मागे ठेविले नसते तर काय निराळे झाले असते?
3. आपल्या मंडळीत आज कोण थकला आहे, आणि या आठवड्यात त्याच्याकडे कोण जाईल?